न दाबता पुस्तक सपाट : कॅमेरा आणि प्रकाशाच्या पट्ट्यांनी जुनी पुस्तकं स्कॅन करताना

झेरॉक्सच्या काचेवर जाड बांधणीचं पुस्तक पालथं घालून वरून झाकण दाबलं की दोन गोष्टी हमखास होतात. पुस्तकाची पाठ तडकते, आणि एवढं करूनही शिवणीजवळची दोन-तीन अक्षरं काळ्या सावलीत जातातच. सांगली-साताऱ्याकडच्या वाचनालयांमध्ये अशी न उलगडणारी पुस्तकं भरपूर आहेत. पानं सुटली म्हणून बाजूने टाचून पुन्हा पुठ्ठ्यात बांधलेली नाटकं, बारा अंक एकत्र शिवलेल्या मासिकांच्या फायली, हात लावला की कोपरा तुटणारे पिवळे कागद. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून मासिकं निघायला लागली. त्यांच्या बांधीव फायली ज्यांनी हाताळल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

अशा पुस्तकांसाठी वेगळी वाट आहे. पुस्तक सपाट करायचंच नाही. ते जसं उघडतं तसं उघडं ठेवायचं, त्यावर प्रोजेक्टरने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाकायच्या, वरून कॅमेऱ्याने टिपायच्या, आणि त्या पट्ट्या किती वाकल्या यावरून पानाचा आकार मोजायचा. सपाट करायचं काम नंतर कॉम्प्युटरवर होतं. मोठ्या प्रमाणावरही हा विचार झालेला आहे: गूगलला २००९ साली मिळालेल्या एका पेटंटमध्ये उघड्या पुस्तकावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची नक्षी टाकून पानाची त्रिमितीय ठेवण मोजायची पद्धत दिली आहे. आपल्याला अवरक्ताची गरज नाही. साधा प्रोजेक्टर पुरतो.

आधी एक सांगून टाकतो. जे पुस्तक नीट उलगडतं त्याच्यासाठी हा खटाटोप करू नका. इंग्रजी व्ही आकाराची घडवंची आणि वरून काच, यात काम तिप्पट वेगाने होतं. शंभर पुस्तकांतली दहा-पंधरा हट्टी निघतात, हा लेख त्यांच्यासाठी.

सुरुवातीला हक्काचं पाहा

भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. दोघांची नाटकं खुशाल स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवा. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे, पण ते गेले १९७६ साली, म्हणून त्यांची पुस्तकं २०३६ संपेपर्यंत थांबायची. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात. मूळ लेखक मोकळा झाला म्हणून संपादकही मोकळा झाला असं नाही.

हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांबाबत कायद्यात एक सोय आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत साठवता येते. साठवता येते, इंटरनेटवर टाकता येत नाही. वाचनालयाचं पुस्तक असेल तर कार्यकारी मंडळाचा ठराव करून घ्या. उद्या सचिव बदलले की हाच कागद कामी येतो.

पट्ट्यांवरून उंची कशी कळते

उन्हात खांबाची सावली सपाट अंगणात सरळ पडते आणि जिन्यावर पडली की पायरीपायरीला मोडते. सावली कुठे मोडली हे पाहून पायरीची उंची सांगता येते, फक्त आपण ऊन पडतंय त्या दिशेने न पाहता दुसरीकडून पाहिलं पाहिजे. सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे. प्रोजेक्टर एका बाजूने, कॅमेरा दुसरीकडून, आणि दोघांच्या मध्ये कोन.

अडचण एकच. पानावर शेकडो पट्ट्या पडल्या की समोरची पट्टी कितवी हे कॅमेऱ्याला कसं कळणार? त्यासाठी एकामागून एक अनेक चित्रं टाकतात. पहिल्यात अर्धं पान पांढरं, अर्धं काळं. दुसऱ्यात चार भाग, तिसऱ्यात आठ. प्रत्येक चित्रात एखादा ठिपका उजेडात होता की अंधारात, याची यादी केली की त्या ठिपक्याचा पट्टी-क्रमांक मिळतो.

हे क्रमांक साध्या द्विमान पद्धतीने (फक्त ० आणि १ हे अंक वापरून) न लिहिता ग्रे कोडने लिहितात. बेल लॅबच्या फ्रँक ग्रे यांच्या पेटंटवरून हे नाव पडलं. साध्या द्विमानात ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००, चारही अंक एकदम बदलतात. पट्टीच्या कडेवर कॅमेऱ्याची जरा चूक झाली तर क्रमांक कुठल्या कुठे जातो. ग्रे कोडमध्ये ७ म्हणजे ०१०० आणि ८ म्हणजे ११००. शेजारच्या दोन क्रमांकांत एकच अंक बदलतो, त्यामुळे चूक झाली तरी एका पट्टीपलीकडे जात नाही.

छापील पानासाठी आणखी एक गोष्ट लागतेच लागते. प्रत्येक चित्राचं उलटं चित्रही टाकायचं, काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. शाई मुळातच काळी. एकाच चित्रावरून ‘इथे अंधार आहे की अक्षर?’ हे ठरत नाही. सुलट आणि उलट दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुठल्यात तो ठिपका जास्त उजळ आहे एवढंच पाहायचं, मग शाई असो की पिवळा डाग.

सामान

कॅमेरा कोणताही चालेल, पण पूर्ण मॅन्युअल हवा. सेकंडहँड डीएसएलआर आणि ५० मि.मी.ची लेन्स ही जोडी स्वस्त आणि भरवशाची. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० ठिपक्यांचा असतो. डेमी आकाराचं पुस्तक उघडलं की ११ × साडेआठ इंच होतं. भोवती मोकळी जागा धरून १५ × १० इंचांची चौकट घेतली तर इंचाला ४०० ठिपके मिळतात. मराठी ओसीआरला (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) ३०० पुरतात, म्हणजे हात राखून आहे. मोबाइलने शिकायला हरकत नाही, पण त्यात फोटो स्थिर करणारी लेन्स स्वतः जागेवरून हलते आणि आपली सगळी मोजणी ‘काहीही हलत नाही’ यावरच चालते.

प्रोजेक्टर घेताना डब्यावरच्या ‘१०८० पी सपोर्ट’ला भुलू नका. त्याचा अर्थ तेवढा व्हिडिओ चालतो एवढाच. आतली खरी चिप बहुतेक वेळा ८५४ × ४८० ची असते. आपल्याला तीही पुरते. मात्र दोन गोष्टी दुकानातच तपासा: एक मीटरवर नीट फोकस होतो का, आणि चित्र आपोआप चौकोनी करणारं कीस्टोन बंद करता येतं का. कीस्टोन चालू असलं की तो पट्ट्यांचे ठिपके मधेच गाळतो आणि कोड बिघडतो.

बाकी सामान म्हणजे लॅपटॉप, कॅमेरा लॅपटॉपवरून चालवायची यूएसबी केबल, चांगल्या रंगांचे दोन एलईडी दिवे, काळं कापड आणि एक यूपीएस. यूपीएस चैन नाही. वीज गेली की प्रोजेक्टर बंद पडतो, परत लावताना त्याला धक्का लागतो आणि पुन्हा मापन करावं लागतं.

स्टँडवर मात्र कंजुषी नको. नवखे लोक सॉफ्टवेअरच्या मागे लागतात, आणि ट्रायपॉड मात्र डुगडुगतो. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा तुमच्या तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची कमान करून घ्या, नाहीतर रॅकसाठी मिळणारे भोकांचे लोखंडी अँगल नटबोल्टने जोडा. भोकांमुळे उंची बदलता येते. कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही एकाच सांगाड्यावर बसले पाहिजेत. जागा तळमजल्याची, शहाबादी फरशीवरची. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर शेजारून कोणी चाललं तरी तक्तपोशी हलते आणि ते फोटोत येतं.

मांडणी

कॅमेरा पुस्तकाच्या बरोबर वर, खाली तोंड करून. वर सांगितलेल्या चौकटीसाठी ५० मि.मी.ची लेन्स साधारण ८५ सें.मी. उंचीवर येते (लहान सेन्सरच्या नेहमीच्या डीएसएलआरसाठी).

प्रोजेक्टर कुठे ठेवायचा यावर निम्मं यश आहे. बहुतेकांना तो डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवावासा वाटतो. तसं केलं की फुगलेल्या पानाची सावली थेट शिवणीत पडते आणि जिथे मोजायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच प्रकाश पोचत नाही. म्हणून तो पुस्तकाच्या डोक्याकडे ठेवा, शिवणीच्या रेषेत, कॅमेऱ्यापासून ४५ ते ५० सें.मी. अंतरावर, आणि पुस्तकाकडे तिरका करा. आता प्रकाश शिवणीच्या घळीतून लांबीच्या दिशेने वाहतो आणि तळापर्यंत पोचतो. पट्ट्या आडव्या टाकायच्या, छापील ओळींना समांतर. दोन्ही पानांवरून जाणारी प्रत्येक पट्टी मग पुस्तकाच्या आडव्या छेदासारखी वळते. पान जितकं वर उचललेलं, तितकी पट्टी प्रोजेक्टरच्या दिशेला सरकलेली. पहिल्यांदा हे पडलेलं पाहाल तेव्हा गणिताशिवायही पानाचा आकार डोळ्यांना दिसेल.

या मांडणीत कोन साधारण ३० अंशांचा होतो. पान १ मि.मी. उचललं तर पट्टी अर्ध्या मि.मी.हून किंचित जास्त सरकते, म्हणजे ४०० डीपीआयच्या (इंचाला ४०० ठिपक्यांच्या) फोटोत आठ-नऊ ठिपके. शिवणीजवळची अक्षरं सरळ करायला एवढी बारकाई भरपूर झाली. कोन आणखी वाढवला तर अचूकता वाढते, पण प्रोजेक्टर इतका आडवा होतो की वरची कड फोकसमध्ये असते तेव्हा खालची धूसर. तीसच्या आसपास थांबावं.

४८० ओळींच्या प्रोजेक्टरला ग्रे कोडच्या नऊ पातळ्या लागतात. मी शेवटच्या दोन, सगळ्यात बारीक, टाकतच नाही. सातव्या पातळीला पट्टी प्रोजेक्टरच्या चार ठिपक्यांएवढी, पानावर तीनेक मि.मी. रुंद असते. कागद काही तीन मि.मी.त उड्या मारत नाही. पट्ट्यांच्या कडांवर क्रमांक नक्की माहीत असतो, मधलं सलग भरून काढता येतं. सात पातळ्या, सुलट-उलट मिळून १४ चित्रं, शिवाय एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं, अशी १६ झाली.

हा आकडा महत्त्वाचा का, तर ३०० पानांच्या पुस्तकात १५० उघडी जोडपानं. १६ पट्ट्यांचे आणि एक खरा, असे प्रत्येकी १७ फोटो धरले तर अडीच हजारांच्या वर क्लिक. नवशिक्यांच्या डीएसएलआरचं शटर लाखभर क्लिकचं मानतात. चाळीसेक पुस्तकांत कॅमेरा म्हातारा. म्हणून पट्ट्यांसाठी इलेक्ट्रॉनिक शटर असलेला मिररलेस कॅमेरा वापरा, किंवा लाइव्ह व्ह्यूची (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या चालू दृश्याची) चौकट लॅपटॉपवर उतरवून घ्या. त्यात ठिपके कमी असले तरी आकार मोजायला पुरतात. खरा फोटो तेवढा पूर्ण ताकदीने घ्यायचा.

मापन : प्लायवूडचे तुकडे घ्या

पुस्तकी पद्धत अशी: बुद्धिबळाच्या पटाची छपाई वेगवेगळ्या कोनांत धरून कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांचंही भूमितीय मापन करायचं. ओपनसीव्ही या मोफत संग्रहात त्याची सोय आहे. अचूकता उत्तम, पण पहिल्याच आठवड्यात नवख्याचा धीर सुटायला तेवढं पुरतं. पुस्तकाची उंची तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नसेल तर सोपी वाट चालते.

कॅमेऱ्याखालच्या फळीवर पांढरा, न चमकणारा कागद ताणून चिकटवा. पुस्तक न ठेवता १६ चित्रांचे फोटो घ्या. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर कितवी पट्टी पडते याचा हा शून्य-नकाशा झाला. आता सुताराकडून ६, १२ आणि १८ मि.मी. प्लायचे मोठे तुकडे आणा, वर पांढरा कागद लावा, एकेक ठेवून तेच फोटो घ्या. मग एकावर एक रचून २४, ३० आणि ३६ मि.मी. करा. प्लाय व्हर्नियरने मोजा, कारण १८ म्हणून विकलेला तुकडा बरेचदा १८ भरत नाही. आता प्रत्येक ठिकाणी ‘पट्टी-क्रमांक इतका बदलला तर उंची इतकी’ असा तक्ता तयार होतो. हे प्रमाण चौकटीच्या सगळ्या कोपऱ्यांत सारखं नसतं आणि उंचीबरोबर थोडं बदलतं. म्हणून एकच आकडा न धरता चौकटीचे लहान लहान भाग करून प्रत्येकाला वेगळी वक्ररेषा बसवायची.

यानंतर कॅमेरा, प्रोजेक्टर, फळी यांपैकी काहीही तसूभर हललं तर सगळं पुन्हा. रोज काम सुरू करताना १८ मि.मी.चा तुकडा ठेवून एकदा तपासा. उत्तर साडेसतरा ते साडेअठराच्या आत आलं तर पुढे जा.

प्रत्यक्ष फोटो

कॅमेरा मॅन्युअल, आयएसओ १००, छिद्र एफ/८, फोकस एकदा लावून चिकटपट्टीने बंद, व्हाइट बॅलन्स पक्का. एफ/८ला पुस्तकाचा उंचसखलपणा आरामात फोकसमध्ये राहतो.

पट्ट्यांच्या फोटोंसाठी शटरचा वेग जपून निवडा. प्रोजेक्टर सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो आणि बरेच डीएलपी प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा एकामागून एक टाकतात. १/२५० सेकंदाचा फोटो घेतला तर अर्धाच रंग पकडला जातो आणि पट्टे उमटतात. १/३० किंवा १/१५ ठेवा, म्हणजे पूर्ण फेऱ्या त्यात बसतात. चित्र बदलल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच क्लिक करायचं. हे सगळं हाताने करायचं नाही: चित्र दाखव, थांब, फोटो घे, पुढचं दाखव, असा छोटा पायथन प्रोग्राम लिहा. कॅमेरा चालवायला जीफोटो२ हे मोफत साधन आहे.

पुस्तक ठेवताना शिवण चौकटीच्या मधोमध. सुरुवातीच्या पानांत डावी बाजू हलकी असते, तिच्या पुठ्ठ्याखाली वह्यांचे पुठ्ठे रचून आधार द्या, बांधणीवर ताण येत नाही. जसजसं पुढे जाल तसे पुठ्ठे इकडून तिकडे. उंची दरवेळी नव्याने मोजली जाते, त्यामुळे या बदलांचा हिशेब ठेवावा लागत नाही. या पद्धतीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

क्रम असा ठेवा. पान उलटा, हात काढा, पान स्थिर होईपर्यंत दोन श्वास थांबा. पंखा बंदच असला पाहिजे, मे महिन्यातसुद्धा. दिवे बंद, पट्ट्यांचे सोळा फोटो. पुस्तकाला हात न लावता एलईडी चालू, प्रोजेक्टरवर काळं चित्र, खरा फोटो. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवावेत. प्रोजेक्टरच्या उजेडात घेतलेला फोटो वाचनासाठी वापरू नये, रंग आणि उजेड दोन्ही असमान येतात. एका जोडपानाला पाऊण मिनिट धरलं तर ३०० पानांना दोन तास. दोघं असतील तर बरं: एकाने फक्त पानं उलटायची, दुसऱ्याने पडद्यावर नजर ठेवायची. दोन पानं एकदम उलटली गेली तर तिथल्या तिथे पकडता येतं. प्रोजेक्टरच्या भिंगात मात्र कोणी डोकावू नये, मुलं आजूबाजूला असतील तर विशेष लक्ष ठेवा.

मासिकांतल्या आर्ट पेपरवरच्या चित्रपानांवर पट्टी पडते तिथे झगझगीत डाग येतो आणि कोड वाचता येत नाही. अशा पानांसाठी उजेड कमी-जास्त करून दोन संच घ्या, नाहीतर आजूबाजूच्या मजकूर-पानाचा आकार उसना घ्या. शेजारची पानं सहसा सारखीच वळलेली असतात.

आता सपाट करू

सुलट-उलट जोड्यांची तुलना करून प्रत्येक ठिपक्याचा पट्टी-क्रमांक काढा. जिथे दोन्हीत फरक अगदी कमी, तो ठिपका टाकून द्या. शून्य-नकाशाशी तुलना आणि तक्ता वापरला की उंचीचा नकाशा मिळतो. तो खडबडीत दिसेल, घाबरू नका.

इथे कागदाचा स्वभाव मदतीला येतो. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. चांगल्या स्थितीतलं पान शिवणीला समांतर दिशेत सरळच राहतं, वळतं ते फक्त आडवं. म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या उंचींचा मध्यक घेऊन एकच आडवा छेद काढता येतो. चुकीचे ठिपके त्यात आपोआप विरघळतात. डावं आणि उजवं पान वेगळं धरा, शिवणीपाशी तोडा आणि प्रत्येकाला एक गुळगुळीत वक्ररेषा बसवा.

मग दोन दुरुस्त्या. पहिली जवळ-लांबची. ८५ सें.मी.वरच्या कॅमेऱ्याला २ सें.मी. उचललेला भाग सुमारे अडीच टक्के मोठा दिसतो, तो त्या प्रमाणात लहान करायचा. दुसरी दुरुस्ती वक्राच्या लांबीची. शिवणीकडे पान खाली उतरतं, त्यामुळे वरून तिथली अक्षरं चेपलेली दिसतात. वक्ररेषेचे बारीक तुकडे करून प्रत्येकाची तिरकी लांबी पायथागोरसने काढा आणि बेरीज करत जा. या बेरजेलाच पानावरचं खरं अंतर समजून फोटो नव्याने मांडायचा. ओपनसीव्हीतलं रीमॅप हे फंक्शन हे काम करतं.

जमलं की नाही याची परीक्षा साधी आहे. एक पान पट्टीने मोजा. डेमी पान जवळपास १४० मि.मी. रुंद असतं. वरून ते समजा १३२ दिसत होतं आणि वक्राची लांबी १३९-१४० आली तर मापन बरोबर. १४५ आली तर तक्त्यात गडबड आहे, पुढची दीडशे जोडपानं करण्याआधी थांबा.

पाण्यात भिजलेली पुस्तकं

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांच्या वर मजल मारली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या पाण्यात नगर वाचनालयाची आणि घराघरांतली पुस्तकं भिजली, आणि वाळवून वाचवलेली कितीतरी आजही लाटा आलेल्या पानांची आहेत. अशा पानाला वर सांगितलेला एकच आडवा छेद लागू होत नाही. ते दोन्ही दिशांना वळलेलं असतं, शिवाय भिजून वाळताना थोडं ताणलेलंही.

इथे पट्ट्यांची पद्धत खरी कामाला येते. फक्त ओळींच्या वळणावरून अंदाजाने पान सरळ करणारी सॉफ्टवेअरं या लाटांपुढे हात टेकतात. तुमच्याकडे मात्र प्रत्येक ठिकाणची मोजलेली उंची असते. छेदाऐवजी पानावर १० मि.मी.च्या चौकडीची जाळी कल्पून प्रत्येक गाठीची उंची घ्या, जाळी हलकी गुळगुळीत करा आणि गाठी-गाठींमधलं खरं अंतर धरून ती सपाट पसरा. सातव्या पातळीवर न थांबता आठवीपर्यंत जा. वेळ जास्त लागेल. ओळी अगदी रुळासारख्या सरळ येणार नाहीत, वाचता मात्र येतील.

चिकटलेली पानं चाकूने सोडवू नका, ती संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडे द्या. बुरशीचा वास येत असेल तर मास्क आणि हातमोजे घाला, आणि ते पुस्तक बाकीच्यांपासून लांब हाताळा.

शेवटची सफाई, साठवण आणि ओसीआर

सपाट झालेली जोडपानं स्कॅनटेलर या सॉफ्टवेअरमध्ये घाला: पानं वेगळी करणं, तिरकेपणा काढणं, समास सारखे करणं तिथे सोपं आहे. त्यातली स्वतःची वक्रता-दुरुस्ती बंद ठेवा, नाहीतर सरळ झालेल्या ओळी तो परत वाकवेल.

मूळ फोटो आणि सपाट केलेली टिफ फाइल दोन्ही जपा. पीडीएफ ही वाटायची प्रत. फाइलच्या नावात वाचनालयाचा दाखल क्रमांक आणि पान क्रमांक असू द्या. नोंदीत मुद्रणालयाचं नाव आणि वर्ष घ्या. जुन्या पुस्तकावर शके असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं (जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९). दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक नदीकाठच्या पेठेत नको.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. देवनागरीत शिरोरेघ सरळ नसेल तर ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेच यंत्राला नीट कळत नाही, त्यामुळे एवढा वेळ घालून केलेलं सपाटीकरण इथे वसूल होतं. तरी खिळ्यांच्या छपाईत शिरोरेघ जागोजागी तुटलेली असते, जुन्या वळणाचे अ, झ, ण यंत्राला ओळखू येत नाहीत, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांतले ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार ते बिनदिक्कत खाऊन टाकतं. ते परत घालावे लागतात, कारण पुस्तकात जसं आहे तसंच ठेवायचं. मोकळ्या झालेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोतावर पान शेजारी ठेवून मजकूर तपासायची सोय आहे. घरी करायचं असेल तर दोघांनी बसा. एकाने मूळ पुस्तकातून अनुस्वारासकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर दुरुस्त करत जायचं. तासाला किती पानं होतात ते छपाईवर अवलंबून आहे, पण दोन तासांच्या वर एका बैठकीत करू नका, डोळे थकले की चुका दिसेनाशा होतात.